गाडीची जागा: निजामपुऱ्याच्या गल्लीपासून महामार्गापर्यंत

सकाळी अकराच्या सुमारास भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एखाद्या गल्लीत थोडा वेळ उभे राहावे. एका बाजूला यंत्रमागाच्या कारखान्यासमोर 'छोटा हत्ती' टेम्पो उभा असतो आणि हमाल त्यात कापडाचे तागे चढवत असतात. दुसऱ्या बाजूला दुचाकींची रांग. उरलेल्या जागेतून सायझिंगच्या कारखान्याहून निघालेली बीमची हातगाडी येते, आणि सूत गुंडाळलेल्या बीमची लोखंडी टोके गाडीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेली असतात. तिच्यामागे रिक्षा. समोरून येणारा वॅगनआरचा चालक हे सगळे लांबूनच पाहतो, टेम्पोच्या दहा-बारा फूट अलीकडे गाडी डावीकडे घेतो आणि थांबतो. हातगाडी जाते, रिक्षा जाते, मग तो निघतो. सगळ्याला मिळून जेमतेम अर्धे मिनिट लागते. तोच चालक आणखी एक गाडीभर पुढे, टेम्पोच्या बाजूला घुसला असता तर हातगाडीला मागे नेता आले नसते, रिक्षामागे आणखी चार वाहने चिकटली असती आणि गल्ली अर्धा तास बंद पडली असती.

त्या गल्लीत रंगाची एकही रेघ नाही. तरीही त्या चालकाने जे केले, तीच लेनची शिस्त. गाडी रस्त्यावर नेमकी कुठे आहे, हे ब्रेक आणि हॉर्न यांच्या आधी ठरते. ती चुकीच्या जागी असेल तर ब्रेक उशिरा लागतो आणि हॉर्नने कुणालाही जागा करून देता येत नाही. भिवंडीसारख्या शहरात, जिथे एकाच दिवसात एकच गाडी गल्ली, नाका, उड्डाणपूल आणि मुंबई-नाशिक महामार्ग अशा चार तऱ्हांच्या रस्त्यांवरून फिरते, तिथे जागा आधी निवडण्याची ही सवय प्रत्येक चालकाने जाणीवपूर्वक लावून घ्यायला हवी.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे स्वतःच्या गाडीची रुंदी अंगात मुरली पाहिजे. वॅगनआर १.६२ मीटर रुंद आहे, एर्टिगा सुमारे १.७३ मीटर. हे आकडे आरशांशिवायचे. आरसे धरले की दोन्ही बाजूंना आणखी जागा लागते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवे चाक त्याच्या जवळ आणि डावे चाक लांब असते. यातून नवशिक्यांच्या दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. गल्लीत डावीकडचे गटार आणि उभ्या दुचाकी नीट दिसत नाहीत म्हणून भीतीने गाडी उजवीकडे झुकते, आणि डावीकडे दोन फूट मोकळे असूनही समोरच्या रिक्षाला जागा उरत नाही. महामार्गावर मात्र हाच चालक स्वतःला लेनच्या बरोबर मध्यभागी बसवतो. स्वतः मध्यभागी आला की गाडी वीतभर तरी डावीकडे सरकलेली असते. गाडी मध्यभागी असेल तर चालक लेनच्या मध्यापासून थोडा उजवीकडे बसलेला दिसायला हवा.

हा अंदाज पुस्तकातून येत नाही, मैदानात येतो. माग बंद असतात त्या दिवशी गोदामाचे एखादे रिकामे आवार किंवा मोकळे मैदान शोधावे. जमिनीवर खडूने वीस-पंचवीस पावले लांब सरळ रेघ ओढावी आणि गाडीचे डावे पुढचे व मागचे चाक त्या रेघेला लावून उभे करावे. मग सीटवर नेहमीसारखे बसून, काचेतून पुढे पाहावे: ती रेघ बॉनेटच्या कडेला कुठे भिडताना दिसते? बहुतेक गाड्यांत ती बॉनेटच्या डाव्या टोकाला भिडत नाही, जवळपास मध्यभागी भिडते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला याचे आश्चर्य वाटते. त्या जागी काचेच्या खालच्या कडेला टिकलीएवढा कागद चिकटवावा. सीटची उंची आणि चालकाची उंची बदलली की ही खूण सरकते, म्हणून दुसऱ्याची खूण आपल्या कामाची नसते. आता रेघेपासून एक फूट दूर, मग अर्धा फूट दूर अशी गाडी चालवून पाहावी आणि दर वेळी खाली उतरून खरे अंतर बघावे. चार-पाच वेळा उतरले की डोळा आणि चाक यांची ओळख होते. भाड्याने गाडी चालवणाऱ्या, रोज वेगळी गाडी हाती येणाऱ्या चालकाने तर प्रत्येक नव्या गाडीवर निदान दोनदा हे करावे.

नजर कुठे असावी, हाही त्याच धड्याचा भाग आहे. बॉनेटच्या टोकाकडे पाहत चालवणाऱ्याची गाडी सतत डावी-उजवी होत राहते, कारण तो दर क्षणी छोटी दुरुस्ती करत असतो. नजर लांब, जिथे जायचे आहे त्या मोकळ्या जागेच्या मध्यावर ठेवली की हात आपोआप स्थिर होतात. खड्डा चुकवताना खड्ड्याकडेच टक लावून पाहिले तर चाक खड्ड्यातच जाते. त्याच्या बाजूच्या चांगल्या रस्त्याकडे पाहावे.

गल्लीत उभ्या वाहनांच्या बाजूने जाताना दरवाजाएवढे, म्हणजे साधारण एक मीटर अंतर ठेवावे. दरवाजा कधीही उघडू शकतो आणि दोन टेम्पोंच्या फटीतून मूल कधीही पळत येऊ शकते. निजामपुऱ्यात इतके अंतर प्रत्येक वेळी मिळत नाही हे खरे. मग अंतर कमी झाले त्या प्रमाणात वेग कमी करायचा, माणसाच्या चालीइतका. उभ्या टेम्पोच्या मागे थांबायचे असेल तर त्याच्या फाळक्याला चिकटू नये. चिकटून उभी असलेली गाडी पुढचे काहीच पाहू शकत नाही आणि निघण्यासाठी तिला मोठे वळण घ्यावे लागते. एक-दीड गाडीचे अंतर सोडून थांबले की पुढचे दिसते, हमालाला तागा घेऊन वळायला जागा मिळते आणि स्टिअरिंग थोडे फिरवले की गाडी सरळ बाहेर पडते.

समोरासमोर आलेल्या दोन वाहनांपैकी ज्याच्या बाजूला अडथळा आहे त्याने थांबावे, हा साधा संकेत आहे. पण अरुंद जागेत ज्याच्याजवळ बाजूला होण्यासारखी जागा आहे त्यानेच साइड देणे शहाणपणाचे. हातगाडी, भरलेला टेम्पो आणि चढावर येणारे वाहन यांना थांबवून पुन्हा हलवणे जड जाते. मोटारीला ते एका सेकंदाचे काम आहे. साइड देताना गाडी तिरपी ठेवू नये. पुढचा भाग डावीकडे आणि मागचा भाग रस्त्यात राहिला तर दिलेली साइड कुणाच्याच उपयोगाची नसते. थोडे आधीपासून डावीकडे येत, गाडी रस्त्याला समांतर करून मगच थांबावे.

पावसाळ्यात या गल्ल्या आणखी अरुंद होतात, कारण कडेचे पाणी रस्ता खाते. शहरी रस्ता साधारणपणे मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणून साचलेल्या पाण्यातून जायचेच असेल तर मध्यभाग धरावा, पण समोरून कुणी येत नसताना आणि एका वेळी एकानेच. कडेचे उघडे गटार पाण्याखाली दिसत नाही. खड्ड्यांच्या बाबतीत पुढच्या गाडीपासूनचे अंतर हेच औषध आहे. पुढच्याच्या मागे चिकटून चालणाऱ्याला खड्डा शेवटच्या क्षणी दिसतो आणि तो झटक्यात बाजूला जातो, नेमका तिथे दुचाकीस्वार असतो. दुसरा उपाय नसेल तर वेग कमी करून खड्ड्यातून सरळ जाणे हे झटक्यात लेन बदलण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. टायरचे नुकसान भरून येते.

गल्लीतून गाडी वंजारपट्टी नाका किंवा कल्याण नाका यांच्याकडे निघाली की खेळ बदलतो. नाक्यावरची कोंडी बऱ्याचदा वाहनांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जागांमुळे होते. डावीकडे वळायचे असलेला उजवीकडे उभा असतो, उजवीकडे वळायचे असलेला डावीकडून पुढे येऊन सगळ्यांच्या समोर आडवा होतो आणि सरळ जाणारे दोघांच्या मध्ये अडकतात. उपाय नाक्यावर नसतो, नाक्याच्या शंभर-दीडशे मीटर अलीकडे असतो. डावीकडे वळायचे तर तेव्हाच डावी कड धरावी आणि इतकी धरावी की गाडी व पदपथ यांच्या फटीत रिक्षा किंवा स्कूटर शिरणार नाही. उजवीकडे वळायचे तर रस्त्याच्या मध्याला लगटून, पण मध्यरेषेच्या अलीकडेच राहावे. सरळ जाणाऱ्याने मधली जागा घ्यावी. रस्त्यावर बाण रंगवलेले असतील तर ते पाळावेत. रंग उडालेला असेल, आणि तो बऱ्याच ठिकाणी उडालेला आहे, तर मनातल्या मनात रस्त्याचे दोन किंवा तीन भाग करून त्यातला एक पकडावा.

जागा चुकली तर? सरळ पुढे जावे आणि पुढच्या चौकातून वळून यावे. शेवटच्या क्षणी दोन रांगा कापून वळणारा चालक स्वतःची पाच मिनिटे वाचवतो आणि मागच्या पन्नास जणांची तेवढीच खर्च करतो. उड्डाणपुलापाशी तर हे जिवावर बेतते. वरून जायचे की खालून, हे पूल दिसताच ठरवावे. पूल आणि खालचा रस्ता जिथे फुटतात तिथला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा कठडा हा निर्णय बदलण्याची जागा नाही.

ठाण्याकडे कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा या पट्ट्यात मेट्रो ५ चे काम सुरू झाल्यापासून चालकांना रस्ता मधूनच निमुळता होण्याची सवय करून घ्यावी लागली. पत्र्याचे कठडे लागले की दोन रांगांची एक होते. अशा ठिकाणी 'एकाआड एक' हा क्रम सगळ्यात लवकर रस्ता मोकळा करतो: या रांगेतला एक, मग त्या रांगेतला एक. लवकर रांगेत आलेल्याने मागून येणाऱ्याला एक जागा द्यावी, दोन देऊ नयेत. आणि कठड्याच्या टोकापर्यंत धावत जाऊन नाक खुपसणाऱ्याने तो हट्ट सोडावा.

निमुळता होणारा रस्ता किती घातक ठरू शकतो, हे भिवंडीपासून फार दूर नसलेल्या पालघर जिल्ह्यात दिसले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी उदवाड्याहून मुंबईकडे येणारी एक मोटार मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा त्यात मृत्यू झाला. दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुलाच्या तोंडाशी तीन लेनच्या दोन होत होत्या. पुढे बसलेल्या प्रवाशाने पोलिसांना दिलेल्या जबाबानुसार गाडी तिसऱ्या लेनमध्ये होती, पुढची गाडी दुसऱ्या लेनमध्ये गेली, यांनाही तिकडे यायचे होते, पण तिथे ट्रक होता. म्हणजे लेन संपत आली तेव्हा शेजारची जागा भरलेली होती. पट्टा आणि वेग यांची चर्चा तेव्हा खूप झाली, ती व्हायलाच हवी होती. या अपघाताचा लेनविषयीचा धडा मात्र मागे पडला: पूल, बोगदा, वळण किंवा काम सुरू असल्याची पाटी दिसताच कडेची लेन सोडून मधल्या लेनमध्ये येण्याची वेळ तीच असते. पाच-सातशे मीटर आधी सरकायला भरपूर जागा असते. कठड्यासमोर ती कुणीतरी व्यापलेली असते.

राजनोली आणि माणकोली भागातून महामार्गाला लागणाऱ्या मोटारचालकाचा खरा शेजारी कंटेनर ट्रेलर असतो. उरणच्या जेएनपीए बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे येणारे हे ट्रेलर ४० फुटांचा डबा वाहतात. महामार्गाची एक लेन साधारण ३.५ मीटरची असते आणि नियमानुसार अवजड वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. म्हणजे ट्रक लेनच्या मधोमध असला तरी दोन्ही बाजूंना जेमतेम ४५ सेंटिमीटर उरतात. वॅगनआर तिच्या लेनच्या मधोमध असेल तर तिच्या बाजूला ९४ सेंटिमीटर. दोघे शिस्तीत चालले तर मधले अंतर सुमारे १.४ मीटर राहते. ट्रक आपल्या रेघेला टेकला आणि मोटार अर्धा मीटर त्याच्याकडे झुकली, तर अर्ध्या मीटरहूनही कमी. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी दर सेकंदाला २२ मीटर जाते. एवढ्या फटीत चूक सुधारायला वेळ नसतो. म्हणून ट्रेलरशेजारून जाताना लेनचा मध्य सोडू नये आणि त्याच्या बाजूला रेंगाळू नये. मागेच राहावे किंवा ठरवून, एका दमात पुढे जावे.

ट्रेलरच्या आरशात त्याच्या चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही मोटार दिसत नाही, हे पक्के समजावे. आणि गोदामाच्या फाटकात डावीकडे वळणारा ट्रेलर आधी उजवीकडे सरकतो, कारण मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आतल्या बाजूने कापत येतात. त्याच्या डावीकडे मोकळी दिसणारी जागा काही सेकंदांत नाहीशी होते. त्या जागेत गाडी घालणे, विशेषतः काल्हेर-पूर्णा पट्ट्यातल्या गोदामांसमोर, कुठल्याही घाईत करू नये.

नियमांप्रमाणे डावी लेन अवजड आणि संथ वाहनांची, मधली मोटारींसारख्या हलक्या वाहनांची, उजवी ओव्हरटेकसाठी. प्रत्यक्षात अनेक ट्रक उजवी लेन धरून बसतात, आणि डाव्या लेनमध्ये बंद पडलेला कंटेनर, उलट दिशेने येणारा दुचाकीस्वार, थांबलेली रिक्षा असे काहीही असू शकते. तीन लेनच्या रस्त्यावर मोटारीने मधली लेन घरासारखी वापरावी आणि उजवी फक्त पुढे जाण्यापुरती. दोन लेनच्या रस्त्यावर डावीकडे राहावे, पण दूरवर नजर ठेवून. उजवी लेन अडवलेल्या ट्रकमागे चिकटून डिपर मारत राहिल्याने काही साधत नाही. तीन सेकंदांचे अंतर ठेवून वाट पाहावी. ट्रकचा उजवा इंडिकेटर कधी 'मी वळतोय' सांगतो, कधी 'पुढे येऊ नका', आणि डावा कधी 'जा' म्हणून दिलेला असतो. या खुणांवर भरवसा ठेवून ओव्हरटेक करू नये, रस्ता स्वतः दिसला तरच करावा.

लेन बदलण्याचा क्रम ठरलेला असू द्यावा. आधी आतला आणि बाजूचा आरसा, मग इंडिकेटर, मग पुन्हा आरसा आणि मान वळवून खांद्यावरून एक नजर, कारण बाजूने येणारी दुचाकी आरशात हरवते. त्यानंतर स्टिअरिंग, तेही झटका न देता. इंडिकेटर आणि स्टिअरिंग यांच्यात तीन सेकंद जाऊ द्यावेत. मागच्याला इशारा वाचायला तेवढा वेळ लागतो. एका वेळी एकच लेन बदलावी. ताशी ८० च्या वेगात शांतपणे लेन बदलायला साधारण शंभर मीटर लागतात, तेवढी जागा पुढे नसेल तर थांबावे. ओव्हरटेक केलेल्या वाहनाचे दोन्ही दिवे आतल्या आरशात दिसू लागले की मगच परत डावीकडे यावे. त्याआधी वळणे म्हणजे कट मारणे, आणि भरलेल्या ट्रेलरला तेवढ्यात थांबता येत नाही.

कायदाही हेच सांगतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये लागू केलेल्या वाहन चालवण्याच्या विनियमांनुसार लेन आखलेल्या रस्त्यावर वाहन लेनच्या आत चालवणे आणि सुरक्षित असेल तेव्हाच, इशारा देऊन लेन बदलणे बंधनकारक आहे. तुटक रेघ सुरक्षित असताना ओलांडता येते, अखंड रेघ ओलांडायची नसते. हे विनियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७अ नुसार ५०० ते १००० रुपये दंड आहे. उलट दिशेने वाहन हाकणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. तिथे पहिल्या गुन्ह्यालाच १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

रात्री नाशिककडून परतताना एक गोष्ट विशेष सांभाळावी. मंद दिव्यांचा प्रकाश चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच नीट पोहोचतो, आणि ताशी ८० च्या वेगातली मोटार थांबायला सुमारे ६० मीटर लागतात. डाव्या कडेला दिवे न लावता उभा असलेला ट्रक त्या फरकात असतो. रात्री डाव्या लेनमध्ये राहायचे तर वेग ६० च्या आसपास आणावा. समोरून प्रखर दिवे आले की नजर लेनच्या डाव्या रेघेकडे न्यावी, दिव्यांकडे नाही.

निजामपुऱ्यात परत आल्यावर गाडी लावणे हासुद्धा जागेचाच प्रश्न आहे. गटारावरच्या फरशीवर चाक चढवू नये, ती भार सोसेलच असे नाही. भिंतीशी समांतर, कडेपासून वीतभर अंतरावर, चाके सरळ करून गाडी लावावी आणि आरसे मिटावेत. मग दहा पावले मागे जाऊन पाहावे, उद्या सकाळी बीमची हातगाडी दोन्ही टोके न घासता इथून निघेल एवढी वाट उरली आहे का.